परसबाग आणि तिची वही

(पनवेल येथे संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर उभे राहिले की परीक्षा, टक्केवारी, स्पर्धा आणि नोकऱ्या यांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या विषयांचे महत्त्व मी जाणतो. त्यांवर बोलणारी जाणकार मंडळी याच मेळाव्यात आहेत. मी मात्र आज मेथी, कोथिंबीर, पुदिना आणि अडुळसा यांच्याबद्दल बोलणार आहे. हे ऐकून काहींना हसू आले असेल, तरी मला त्याचे वाईट वाटत नाही. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो. प्रत्येक घरात ऋतूप्रमाणे चार भाज्या आणि चार औषधी झाडे लावावीत, आणि घरातील एका मुलाने वा मुलीने त्यांची वही ठेवावी. बाग पोटासाठी आहे आणि वही इल्मसाठी आहे. दोहोंपैकी एकच केले, तर काम अर्धे राहील.

परस गेले, त्याबरोबर काय गेले?

आपले पनवेल हे जुने गाव. येथे १८५२ साली नगरपालिका झाली. भाताचा मोठा व्यापार येथून चालत असे. त्या काळच्या घरामागे परस असे. परसात विहीर, सांडपाण्यावर वाढणारे अळूचे आळे, केळीचे खुंट, शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि कुंपणाला मेंदी. भाजी आणायला बाजारात जावे लागे ते कांदे-बटाट्यांसाठी. कोथिंबीर, मिरची, पुदिना यांना कोणी पैसे मोजत नसे.

१९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसू लागली आणि पनवेलच्या आसपासची शेते नि वाड्या हळूहळू वसाहतींखाली गेल्या. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. २०२५ साली नव्या विमानतळाचे उद्घाटनही झाले. या बदलाने रस्ते आले, दवाखाने आले, महाविद्यालये आली, आपल्या मुलामुलींना शिकण्याची संधी मिळाली. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु परस गेले, त्याबरोबर परसातले ज्ञानही जाऊ लागले, याकडे आपले लक्ष नाही. कोणत्या पानाचा लेप लावावा, कोणती भाजी कोणत्या महिन्यात खाऊ नये, अळूची खाज कशाने मोडते, बी कशात ठेवले म्हणजे किडत नाही, हे सर्व आपल्या दादी-नानींना ठाऊक होते. त्यांनी ते कोठे लिहून ठेवले नाही, कारण त्यांच्यापैकी अनेकींना लिहिता येत नव्हते. आज त्यांच्या नातींना तीन-तीन भाषा लिहिता येतात, पण अडुळसा कोणता आणि एरंड कोणता हे ओळखता येत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना लिहिता येत नाही, आणि ज्यांना लिहिता येते त्यांना माहीत नाही. ही दोन टोके एका घरात, एका छपराखाली आणखी थोडी वर्षेच एकत्र असणार आहेत. म्हणूनच या विषयाची मला घाई वाटते.

आपल्या गावाला वनस्पतींची ओळख नवी नाही. आयुर्वेदिक औषधे तयार करणारी श्री धूतपापेश्वर ही संस्था १८७२ साली याच पनवेलात सुरू झाली. कर्नाळ्याचे रान आपल्या दाराशी आहे. पावसाळ्यात माळावरच्या ठाकूर आणि कातकरी समाजाच्या बहिणी टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे, कंटोळी घेऊन बाजारात बसतात. शेवळे विकणारी बाई त्याबरोबर काकडाची फळेही देते, कारण त्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, हे तिला ठाऊक असते. तिच्याशी भाव करण्याआधी दोन मिनिटे बोलावे. ती एका अर्थाने आपली शिक्षिकाच आहे.

पालकांनी हे का करावे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्राचा आकडाही निम्म्याहून अधिक आहे. याचा अर्थ, या सभागृहात बसलेल्या मुलींपैकी आणि त्यांच्या मातांपैकी कितीजणी थकवा अंगावर काढत असतील, याचा विचार आपणच करावा. मुलगी अभ्यासाला बसली की डुलकी घेते, जिना चढताना दम लागतो, म्हणून आपण तिला आळशी म्हणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या सूचनांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाजी असावी असे म्हटले आहे. आपल्या ताटात बिर्याणीबरोबरच्या कांद्याच्या चकत्या सोडल्या तर किती भाजी असते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

चार कुंड्यांनी रक्तक्षय बरा होईल, असा दावा मी करणार नाही. त्यासाठी तपासणी करून घ्यावी, आरोग्य केंद्रातील लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. परंतु दारात माठ आणि शेवग्याचा पाला असला म्हणजे तो पोटात जाण्याचा संभव वाढतो. त्यावर लिंबू पिळावे, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागण्यास मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहा नेमके त्याच्या उलट करतो. एवढ्या दोन गोष्टी माता-भगिनींनी आज घरी नेल्या, तरी माझे येथे येणे सार्थकी लागेल.

ऋतूप्रमाणे काय लावावे?

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. कोकणातली बाग घाटावरच्या पुस्तकाप्रमाणे करून चालत नाही. आपल्याकडे साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत एका बादलीला किंमत येते. त्यामुळे झाड कोणते यापेक्षा ते कधी लावले याला अधिक महत्त्व आहे.

पावसाळा हा वेलांचा ऋतू. मेच्या अखेरीस आळी तयार करून मृगाचा पाऊस लागताच शिराळे, पडवळ, कारले, दुधी, काकडी लावावी. वेल मांडवावर वा गॅलरीतल्या दोरीवर चढवावा, जमिनीवर पडला की कुजतो. भेंडी, चवळी आणि अंबाडी याच वेळी घ्यावी. अळू तर आपण होऊन वाढते. भर पावसात मेथी-कोथिंबीर करण्याचा अट्टहास करू नये, ती सडते. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना, हे दर आठवड्याला पाहावे. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. भाजी लावून घरात डेंग्यू आणला, असे होऊ देऊ नका.

हिवाळा हा पानांचा ऋतू. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर लावावी. धने पेरताना ते चोळून त्यांच्या दोन फाका कराव्यात, अख्खा दाणा उशिरा उगवतो. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये. दर दहा दिवसांनी थोडी-थोडी पेरली म्हणजे महिन्याभराने जुडीमागून जुडी मिळत राहते. वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे आधी एका पसरट भांड्यात करून मग मोठ्या कुंडीत हलवावीत. आणि रायगडात राहून वाल लावला नाही, असे होऊ नये. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आपले शेतकरी वाल घेतात. थंडीत भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटी आपल्या सर्वांच्या आवडीची आहे, पण त्या वालाच्या मुळाशी काय चालले आहे ते किती मुलांनी पाहिले आहे? मुलांनो, फुलावर आलेले एक रोप हलक्या हाताने उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल, तर तेथले जिवाणू हवेतला नत्र वनस्पतीला मिळवून देत आहेत असे समजा. विज्ञानाच्या पुस्तकातील एक धडा तुम्ही तेथेच शिकलात.

उन्हाळा हा राखण्याचा ऋतू. यात नवे फार लावू नये, आहे ते जगवावे. माठ, चवळी, तोंडली ही ऊन सोसतात. पुदिना अर्ध्या सावलीत ठेवावा. दुपारच्या उन्हाला जुनी साडी किंवा नारळाच्या झावळ्या बांधाव्यात. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. कुंडीतल्या मातीवर वाळका पाला पसरला म्हणजे ओल टिकते.

येथे एक गमतीची गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देतो. आपल्या घरात दोन पंचांगे चालतात. रमजान चांद्र वर्षाप्रमाणे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. मृग नक्षत्र मात्र दरवर्षी ७-८ जूनलाच लागते. इफ्तारच्या शरबतासाठी घरचा पुदिना हवा असेल, तर रमजान यंदा कोणत्या ऋतूत येतो हे पाहून दोन महिने आधी काड्या लावाव्या लागतात. हा हिशोब घरातल्या मुलाकडून करून घ्यावा. चांद्र आणि सौर वर्ष म्हणजे काय, हे त्याला पुन्हा शिकवावे लागणार नाही.

जागा, माती आणि पाणी

"आमच्याकडे जागा कोठे आहे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सदनिकेच्या गॅलरीत दिवसाला चार-पाच तास ऊन येत असेल, तर पालेभाजी होते. तेलाचे डबे, धुतलेल्या बादल्या, फुटके माठ चालतात. मात्र तळाला भोक हवे. ओल्या मातीने भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या पुढे जाते, तेव्हा ती कठड्यावर कधीही ठेवू नका. खाली मुले खेळत असतात. गच्चीचा वापर करायचा, तर गृहनिर्माण सोसायटीची परवानगी घ्यावी आणि कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे पाणी मुरणार नाही.

खत विकत घेण्याची गरज नाही. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा आणि वाळका पाला यांचे थर भोके पाडलेल्या डब्यात घालत गेले, वरचेवर हलवले, तर दोन-तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. मांस, हाडे, तेलकट उष्टे त्यात टाकू नये, उंदीर येतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बकरी ईदच्या आधी बकरे बांधलेले असते. त्याच्या लेंड्या कचऱ्यात जातात. लेंडीखतासारखे खत नाही. ते मातीत मिसळून दोन-तीन महिने कुजू द्यावे, ताजे घालू नये. किडीसाठी पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालून, गाळून, किंचित साबण टाकून संध्याकाळी फवाराव्यात.

पाण्याचे म्हणाल, तर वुजूचे पाणी वाया जाते. त्यात साबण नसतो. एखादे घमेले ठेवून ते साठवले, तर चार माणसांच्या घरात पाच वेळच्या वुजूवर चार-पाच कुंड्या सहज जगतात. वाहत्या नदीच्या काठी बसूनही पाणी वाया घालवू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. ती आचरणात आणण्याचा याहून सोपा मार्ग नाही. परंतु कोणतेही पाणी चालते, असे समजू नका. नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी करू नये. तळोजे औद्योगिक वसाहतीतले सांडपाणी कासाडी नदीत जाते, हा प्रश्न हरित लवादापर्यंत गेलेला आहे. जी माती आणि जे पाणी आपल्याला ठाऊक नाही, त्यात खाण्याचे पीक घेऊ नये. तेथे हवी तर मेंदी आणि फुले लावावीत.

चार औषधी झाडे

औषधी झाडे कोणती लावावीत? माझ्या मते सुरुवातीला गवती चहा, पानओवा, अडुळसा आणि सब्जा ही चार पुरेत. गवती चहाचे एक बेट लावले की वर्षानुवर्षे पुरते. पानओव्याची फांदी खोचली तरी जगते. त्याच्या पानांची भजी मुले आवडीने खातात. अडुळसा कुंपणाला लावावा, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. सब्जा म्हणजे रैहानाच्या कुळातले झाड. त्याचे बी भिजवून फालुद्यात आणि शरबतात घालतो, त्याची रोपे आपण कबरीवर लावतो. मरहूम आप्तांच्या आठवणीचे झाड म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे, ते दारातही असू द्यावे.

या झाडांना आपल्या घरात किती नावे आहेत पाहा. बाजारात कोरफड, उर्दूत घीकुंवार. शाळेत शेवगा, नानीकडे सहजन. एकच झाड दोन-तीन भाषांत नांदते. मुलांनी ही सर्व नावे लिहून ठेवावीत. आपल्या घरातील मराठी, कोकणी आणि उर्दूची ही सामाईक दौलत आहे.

आता एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. झाडाचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूत चुकीची आहे. कोरफडीचा गर वेगळा आणि सालीलगतचा पिवळा चीक वेगळा, तो चीक पोटात गेला की जबर जुलाब होतात. अडुळसा गरोदर स्त्रीने घेऊ नये. कण्हेर दिसायला सुंदर, पण विषारी, लहान मुलांच्या घरात ती नसावी. कोरोनाच्या काळात अनेकांनी महिनोन्महिने गुळवेलीचे काढे घेतले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर मतभेद झाले, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. आपण सामान्य माणसांनी यातून एवढेच घ्यावे की, मोजमापाशिवाय आणि वैद्य, हकीम वा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही काढा दिवसेंदिवस घेऊ नये. सर्दीला गवती चहा ठीक आहे. तीन दिवसांवर ताप राहिला, बाळाला धाप लागली, खोकल्यातून रक्त पडले, तर झाडाकडे पाहत बसू नका, दवाखाना गाठा. ज्याला झाडाची मर्यादा कळली, त्यालाच झाड कळले असे मी म्हणेन.

वही कशासाठी?

काही पालक म्हणतील, लावू की चार झाडे, पण वहीची भानगड कशाला? त्यांना मी हळदीची हकीकत सांगतो. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांना, हळदीने जखम भरून येते या उपयोगाचे पेटंट देण्यात आले. जी गोष्ट आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक, ती तेथे नवा शोध ठरली. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ते कशाच्या बळावर? "आमच्या आज्या हळद लावत होत्या," एवढे सांगून भागले नाही. लेखी पुरावा द्यावा लागला. संस्कृत, उर्दू आणि हिंदीतील जुने ग्रंथ काढावे लागले. कोणी एकाने कधीकाळी लिहून ठेवले होते, म्हणून हळद आपली राहिली. त्यानंतर २००१ पासून देशाच्या पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. त्यात आयुर्वेदाबरोबर अरबी, फारसी आणि उर्दूतील युनानी ग्रंथांतील नुस्खेही नोंदले आहेत. लिहिलेले टिकते आणि कामास येते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

दुसरी हकीकत सर्पगंधेची. आपल्या सह्याद्रीच्या रानातही ही वनस्पती मिळते. दिल्लीचे हकीम अजमल खान यांना तिचे गुण ठाऊक होते. त्यांच्या प्रोत्साहनाने संशोधनाकडे वळलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी १९३१ साली तिच्या मुळातून एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला 'अजमलिन' असे नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम आपल्या रुग्णांच्या नोंदींवरून एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगभरच्या डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. हकिमाचे ज्ञान, रसायनशास्त्रज्ञाची प्रयोगशाळा आणि डॉक्टरांची नोंदवही अशा तीन हातांतून ते औषध जगापुढे आले. यात नोंदवही नसती, तर जगाने ऐकले नसते. ही मुळी अर्थातच घरी वापरण्याची नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' चालवला. त्यात सामान्य शेतकऱ्यांनी आपापल्या बागेत प्रयोग करायचे आणि आलेला अनुभव एकमेकांना कळवायचा, अशी पद्धत होती. द्राक्षबागाईतदारांना तिचा मोठा उपयोग झाला. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु त्यांनी परसबागेतून गावठी वाणांचे बियाणे जपले, बियाणे बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या त्या मानकरी ठरल्या. त्यांची वही त्यांच्या डोक्यात होती. आपल्या मुलांनी ती कागदावर ठेवावी.

वहीत काय लिहावे? फार काही नाही. तारीख, झाडाचे नाव घरात बोलतात त्या सर्व भाषांत, बी कोणाकडून आणले, कधी पेरले, किती दिवसांनी उगवले, कोणती कीड आली, किती जुड्या निघाल्या. आणि शेवटच्या पानांवर दादी-नानी किंवा शेजारच्या काकू-मावशींनी सांगितलेली एकेक गोष्ट, सांगणाऱ्याच्या नावासह. ऐकलेले वेगळे लिहावे, स्वतः पाहिलेले वेगळे लिहावे. हा भेद ज्या मुलाला चौदाव्या वर्षी कळला, तो पुढे कोणत्याही शास्त्रात मागे पडणार नाही. झाड उगवले नाही, तर तेही लिहावे. वहीत नापास कोणी होत नाही.

संस्थेला विनंती

भाषण संपवण्यापूर्वी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. २०१९ साली केंद्र सरकारने शाळांतील पोषण-परसबागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचा आधार घेऊन पहिली विनंती अशी की, शाळेच्या आवारात एक वाफा दर वर्गाला द्यावा. दुसरी, ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी बियाण्यांची एक पेटी ठेवावी. मुलाने चमचाभर बी न्यावे आणि हंगाम संपला की दोन चमचे परत करावे. त्यासाठी गावठी बीच घ्यावे, संकरित वाणाचे बी पुढच्या वर्षी जसेच्या तसे येत नाही. वाळलेले बी राखेत घालून बरणीत ठेवले तर टिकते. तिसरी विनंती, वार्षिक मेळाव्यात चित्रकला-हस्तकलेबरोबर या वह्यांचेही प्रदर्शन भरवावे. बक्षीस द्यायचे, तर मोठ्या भोपळ्याला न देता उत्तम वहीला द्यावे.

पालकांना विनंती एकच. मुलगा मातीत हात घालत असेल, तर "अभ्यास सोडून हे काय?" असे म्हणू नका. हाच अभ्यास आहे. आणि हे काम मुलींवर आणि आयांवर टाकून मोकळे होऊ नका. वडिलांनी पाण्याची झारी उचलली, तर मुलगाही उचलील.

कोणी एखादे झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले, तर लावणाऱ्याच्या नावे तो सदका लिहिला जातो, अशी आपल्या प्रेषितांची शिकवण आहे. त्यात माणूस कोणत्या धर्माचा वा जातीचा, याची अट नाही. म्हणून पहिली जुडी निघाली की अर्धी शेजाऱ्याच्या दारी द्यावी. आपल्या वस्तीत दारे जवळ आली आहेत, पण माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. कोथिंबिरीच्या एका जुडीने ती ओळख व्हायला हरकत नाही.

येत्या मोसमात किमान एक कुंडी आणि एक वही आपल्या घरी यावी, एवढी अपेक्षा व्यक्त करतो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.